एकाच रविवारी दोन लग्नं, दोन्हीकडून 'जोडीनेच या' – सल्ला हवा

चिंचेचा_कोळ
नमस्कार मंडळी. दोन आठवडे घरात दुसरा विषय नाही, म्हणून इथे टाकतेय.

आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं, दोघंही पुण्यात नोकरीला. मे महिन्यातल्या एकाच रविवारी दोन लग्नं आलीत. नवऱ्याच्या सख्ख्या चुलतभावाचं अकोल्याला, गोरज मुहूर्तावर. माझ्या मामेबहिणीचं कुडाळला, भर दुपारी.

अकोल्याचं म्हणणं: घरातली पहिली सून, ती नसली तर लोक काय म्हणतील. कुडाळचं म्हणणं जरा वेगळं आहे. मामी तीन वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे देवकाला आणि कन्यादानाला आम्ही जोडीने बसावं असा मामाचा निरोप आलाय. मामाने मला लहानपणी दर मे महिन्यात सांभाळलंय, त्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. नवरा म्हणतो, 'तू म्हणशील तसं.' हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण याचा अर्थ निर्णय माझा आणि बोलणीही मीच खायची.

कुणी अशा पेचातून गेलंय का? काय केलंत?

लिंबूटिंबू
यात पेच कसला? तू कुडाळला, तो अकोल्याला. आम्ही वीस वर्षं लग्नं अशीच वाटून घेतो. ज्याची बाजू त्याने उभं राहायचं, दुसऱ्याने फोन करून आशीर्वाद द्यायचे. पहिल्या दोन लग्नांत कुजबुज होते, तिसऱ्यापासून लोक विचारायचे थांबतात.

वऱ्हाडी_ठेचा
अकोल्याचाच आहे म्हणून सांगतो. पत्रिकेत गोरज मुहूर्त छापलेला असला तरी वरात मांडवाच्या दारात नाचत असते. सहा-सव्वासहाच्या मुहूर्ताला अंतरपाट साडेआठला सरकलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. तरी कुडाळला दुपारी अक्षता टाकून संध्याकाळी अकोला गाठू असं मनातही आणू नका राजेहो. पुण्याहून एक गाव दक्षिणेला, दुसरं ईशान्येला.

काकू_कोथरूडकर
चिंको, दोन्हीकडे जोडी कशाला हवी आहे हे आधी नीट विचारून घे. 'जोडीने या' हे पत्रिका देताना म्हणायचंच असतं, त्यात खरी गरज किती हे वेगळं. हळदीला, घाणा भरायला सवाष्णी लागतात, तिथे तुझ्या नवऱ्याचं काही काम नाही. सीमांतपूजनाला, वरातीला त्याने घरचा म्हणून उभं राहायचं, तिथे तुझ्यावाचून अडत नाही. देवकाला मात्र जोडी लागते. आईवडिलांपैकी एक नसेल तर काका-काकू किंवा थोरला भाऊ-वहिनी बसतात. आणि एकदा देवक बसवलं की त्याचं उत्थापन होईपर्यंत हलता येत नाही, हे लक्षात ठेव. 'सकाळी बसू, दुपारी निघू' असं तिथे चालत नाही.

दुसरं, अकोल्याशी तुझ्या नवऱ्याने बोलायचं. सुनेने फोन करून 'येत नाही' सांगणं आणि लेकाने 'आम्ही असं ठरवलंय' सांगणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

लिंबूटिंबू
दुसऱ्या परिच्छेदाला +१. तो 'तू म्हणशील तसं'वाला नवरा इथेच कामाला लावायचा.

निवृत्त_मास्तर
मी सहसा वाचनमात्र असतो. कन्यादानाचा उल्लेख वाचला म्हणून लिहितो.

माझी पत्नी गेली तेव्हा मुलगी अकरावीत होती. तिचं लग्न ठरल्यावर सगळ्यांनी धाकट्या भावाला आणि भावजयीला बसवायचं ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही, कारण असंच असतं असं मलाही वाटत होतं. लग्नाला आठ दिवस राहिले असताना मुलगी रात्री पाणी प्यायला उठली आणि स्वयंपाकघरातच म्हणाली, 'बाबा, माझा हात काकाने का द्यायचा?'

दुसऱ्या दिवशी गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, कनवटीला सुपारी लावा आणि बसा, काही अडत नाही. देवकालाही मीच बसलो, कन्यादानही मीच केलं. भावजय थोडी रुसली, पण पंगतीपर्यंत तिचा राग गेला. सगळेच गुरुजी असं म्हणतील असं नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीने लग्न लावणारे स्त्री-पुरोहितही आहेत, तिथे या गोष्टी मोकळेपणाने बोलता येतात. कुडाळला घरचे भटजी ठरलेले असतील.

तुमच्या मामांचा निरोप त्यांच्या मनातला आहे की चारचौघांनी त्यांच्या तोंडी घातलेला, एवढं मात्र विचारून पाहा. ताई, हे फोनवर कळत नाही. जमलं तर जाऊन या.

काकू_कोथरूडकर
मास्तर, डोळ्यांत पाणी आणलंत. माझं देवकाचं म्हणणं जुन्या वळणाचं होतं, तुमचं ऐकलं पाहिजे.

परदेशस्थ_भाकरी
विषय थोडा सोडून. आम्ही न्यू जर्सीहून बारा दिवसांच्या सुट्टीत चार लग्नं केली. धडा एकच: लग्नापेक्षा केळवण लक्षात राहतं. हॉलमध्ये नवरा-नवरीला आपण स्टेजवर अर्धा मिनिट भेटतो, तेही फोटोग्राफर 'इकडे बघा' म्हणत असताना. चुलतदीर पुण्याच्या आसपास असेल तर त्याला घरी बोलावून झक्कास केळवण करा, नवरीलाही बोलवा.

चिंचेचा_कोळ
दीर हिंजवडीतच असतो! हे सुचलंच नव्हतं.

मास्तर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. शुक्रवारी रात्रीच्या बसने कुडाळला जातेय. पत्रिका बघायची आहे असं सांगून.

चिंचेचा_कोळ (सहा दिवसांनी)
जाऊन आले.

मामा पडवीत सुपाऱ्या सोलत बसला होता. मी आडवळणाने विचारलं, 'देवकाला तू नाही का बसणार?' बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'माका कोणी विचारल्यान?' (मामा एरवी माझ्याशी पुणेरी बोलतो. हे असं आलं की आतून आलेलं असतं.) निरोप आत्याआजीचा होता. भटजींकडे मी आणि मामा दोघं गेलो. ते म्हणाले, बापाने बसायला हरकत कसली, तुम्ही विचारलंच नाहीत. बहिणीला सांगितलं तर ती फोनवर आधी रडली आणि मग मामाच्या सोवळ्याचा रंग कोणता यावर वाद घालायला लागली.

तिकडे नवऱ्याने सासूबाईंना फोन केला. बाजूला मी होते, पण स्पीकर लावायचा नाही असं ठरलं होतं. त्यांचं दुखणं निराळंच निघालं. लग्न झाल्यापासून मी अकोल्याला एकदाच, तेही दोन दिवस राहिलेय. दोन्ही दिवाळ्या पुण्यात झाल्या. लग्नात मी नसले तर 'सून गावाकडे फिरकत नाही' यावर शिक्का बसेल, ही त्यांची भीती. खोटी नाही, हे मला कबूल आहे.

तर आता ठरलंय असं: मी कुडाळला, तो अकोल्याला. मंगळवारी अकोल्याला सत्यनारायणाची पूजा आहे, तिला मी पोचणार आणि पुढे शुक्रवारपर्यंत तिथेच राहणार. केळवण आमच्या घरी. मामा म्हणाला, 'जावयबापूंना सांग, काळ्या वाटाण्याचं सांबार चुकलं त्यांचं.'

दोन शंका उरल्यात. रविवारी रात्री कुडाळहून निघून मंगळवारी सकाळी अकोला जमेल ना? आणि आहेर कसा करायचा?

वऱ्हाडी_ठेचा
जमेल. सोमवारी सकाळी पुण्यात अंघोळ करा, संध्याकाळी किंवा रात्री अकोल्याकडे जाणारी गाडी धरा. महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, आझाद हिंदही अकोल्याला थांबते. पण आरक्षण आत्ता करा. नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधीच खिडकी उघडते, आणि मे महिन्यात ती लगेच भरते. तत्काळच्या भरवशावर राहू नका.

काकू_कोथरूडकर
आहेराचं सोपं आहे. दोन्ही घरांत आहेराची वही असते. तुमच्या लग्नात काकांनी काय दिलं, मामांनी काय दिलं ते बघ आणि त्याच्या आसपास राहा. फार वर गेलीस तर समोरच्याला ओझं, खाली आलीस तर पंधरा वर्षं ऐकशील. सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेल्यापासून अंगठी-वळ्याची अपेक्षा बरीच कमी झालीय, पाकीट चालतं. दोन्ही पाकिटांवर दोघांची नावं घाल, हजर एकटी असलीस तरी. पत्रिकेत 'आहेर आणू नये' छापलं असेल तर ते बाहेरच्यांसाठी. आणि सासूबाईंना वेगळी साडी घे, लग्नाची म्हणून नाही, चार दिवस राहायला येतेय म्हणून.

लिंबूटिंबू
काकू, तुम्ही सल्ल्याचे पैसे घ्यायला लागा.

चिंचेचा_कोळ
काकू, वही सापडली. काकांचे ५००१, आणि पुढे कंसात सासूबाईंच्या अक्षरात 'चांदीचा करंडा वेगळा'. करंडा आमच्या कपाटात अजून डब्यातच आहे, आत्ता काढून घासायला घेतला.

वऱ्हाडी_ठेचा
करंडा घासा, पण पूजेला ती जड पैठणी नेसू नका ताई. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या आसपास असतो आणि पूजा गच्चीवरच्या मांडवात असते. सुती आणा. आणि कुडाळहून कोकमं आणाल तर अख्खं घर तुमच्या बाजूने.