प्राचीन अथेन्समधील नाट्यस्पर्धेचा खर्च कोण करीत असे?

खानापूरकर:
आमच्या तालुक्यात यात्रेच्या रात्री नाटक उभे करायचे म्हटले की ड्रेपरी, पेटी-तबला आणि रंगमंच यांचा खर्च गावची वर्गणी व दोन-चार सधन घरांच्या देणग्या यांतून भागवला जातो. सध्या ग्रीक शोकांतिका वाचत असताना, त्या डायोनिसस देवाच्या वसंतोत्सवात स्पर्धेसाठी सादर होत, हे समजले. परंतु कोरसला, म्हणजे नाटकात गाणाऱ्या-नाचणाऱ्या वृंदाला, महिनोन्महिने तालीम देणे, मुखवटे व वेश तयार करणे हा भार कोण उचलीत असे आणि निकाल कोण लावीत असे, हे कळले नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

टिळकवाडी_वाचक:
आपल्याकडच्या वर्गणीची कल्पना येथे बाजूला ठेवावी लागेल. शोकांतिकांच्या स्पर्धेसाठी आर्कोन हा वर्षापुरता नेमलेला अधिकारी तीन कवी निवडीत असे, आणि प्रत्येक कवीमागे नगरातील एका धनाढ्य नागरिकाची कोरेगोस म्हणून नेमणूक करीत असे. कोरसची तालीम, वेश आणि बासरीसारखे आवलोस वाजवणारा वादक यांचा खर्च या कोरेगोसने करायचा. कवी व प्रमुख नट यांचे मानधन मात्र राज्य देई. सॉफोक्लीसच्या काळापासून शोकांतिकेच्या कोरसमध्ये १५ जण असत, विनोदी नाटकाच्या कोरसमध्ये २४.

आकडे पाहिले म्हणजे या भाराची कल्पना येते. लिसिअसने लिहून दिलेल्या एका न्यायालयीन भाषणातील वक्ता सांगतो की, त्याने शोकांतिकेच्या एका कोरसवर ३० मिना, म्हणजे ३,००० द्राख्मा खर्च केले. त्या काळी कुशल कारागिराची रोजची मजुरी साधारण एक द्राख्मा होती. हा हिशेब तो न्यायसभेपुढे का मांडतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे: नगरासाठी एवढे केले, आता माझ्या बाजूने मत द्या, असे त्याला सुचवायचे आहे.

निपाणीचा_रसिक:
वरील उत्तरात एक भर घालतो. नेमलेल्या माणसाला आपल्यापेक्षा अमुक मनुष्य अधिक श्रीमंत आहे असे वाटले, तर तो त्याला आव्हान देऊ शके: एकतर ही जबाबदारी तू घे, नाहीतर आपल्या दोघांच्या मालमत्तेची अदलाबदल कर. असा नियम आपल्या यात्रा कमिट्यांनी लावला, तर देणगीच्या यादीवर वाद घालायला कोणी उरणार नाही!

निकालाची पद्धतही विलक्षण होती. अथेन्सच्या नागरिकांचे जे दहा गण होते, त्यांमधून चिठ्ठ्या काढून प्रत्येकी एक, असे दहा परीक्षक नेमले जात. त्यांनी मते नोंदवल्यावर त्यांपैकी पाचच मते पुन्हा चिठ्ठीने उचलून निकाल जाहीर होई. लाच देऊन निकाल फिरवणे अवघड व्हावे, हा यामागील हेतू असावा. तरीही चुरस हातघाईवर येई. इ.स.पू. ३४८ मध्ये डेमॉस्थेनीस हा प्रसिद्ध वक्ता याच उत्सवातील गायनस्पर्धेत आपल्या गणाच्या पुरुष गायकवृंदाचा कोरेगोस झाला होता. मेइडिअस या त्याच्या जुन्या वैऱ्याने भर नाट्यगृहात त्याच्या तोंडात मारली, आणि वृंदासाठी बनवून घेतलेले वेश व सोन्याचे मुकुट नष्ट करण्याचा प्रयत्नही केला, असा आरोप डेमॉस्थेनीसने पुढे लेखी मांडला.

खानापूरकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न विचारतो: खर्च करणारा स्वतःला हवा तसा विषय लिहून घेत असे काय?

टिळकवाडी_वाचक:
कवीची निवड आर्कोन करीत असल्यामुळे तसा थेट अधिकार कोरेगोसला नव्हता. परंतु पैसा आणि राजकारण यांची सांगड अजिबात नव्हती, असेही म्हणता येणार नाही. इ.स.पू. ४७२ मध्ये एस्किलसने इराणी आक्रमकांच्या सालामिस येथील पराभवावरील शोकांतिका सादर केली, तेव्हा कोरेगोस होता पुढे अथेन्सचा बडा पुढारी झालेला तरुण पेरिक्लीस, आणि त्या वर्षी पहिले बक्षीस एस्किलसलाच मिळाले. ताज्या घटनेवर लिहिणे मात्र धोक्याचेही ठरे. इराण्यांनी इ.स.पू. ४९४ मध्ये मिलेटस हे नगर उद्ध्वस्त केल्यावर फ्रिनिखसने त्यावर नाटक रचले. हिरोडोटसच्या वृत्तान्तानुसार सारे प्रेक्षागृह रडले, आणि आपल्याच आप्तांच्या दुःखाची आठवण करून दिल्याबद्दल अथेन्सकरांनी कवीला १,००० द्राख्मांचा दंड ठोठावून ते नाटक पुन्हा कोणी करू नये असा हुकूम काढला.

निपाणीचा_रसिक:
कोरेगोसची ही प्रथा इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस संपली. फालेरोनचा डिमीट्रिअस सत्तेवर असताना ती रद्द होऊन स्पर्धेची व्यवस्था अगोनोथेट या एका निवडलेल्या अधिकाऱ्याकडे गेली. त्याआधी, इ.स.पू. ३३४ मध्ये मुलांच्या गायकवृंदासह जिंकलेल्या लिसिक्रेटीस नावाच्या कोरेगोसने बक्षिसाची तिवई मिरवण्यासाठी उभारलेले गोल स्मारक आजही अथेन्सच्या प्लाका भागात पाहायला मिळते.