यकृत आणि पित्तनलिकेच्या आजारांत मेलाटोनिन: उपचार की घाई?

निशाचर:
मेलाटोनिन म्हणजे झोपेची गोळी एवढंच डोक्यात बसलंय. खरं तर पित्तनलिकेच्या पेशी ते स्वतःही तयार करतात. पित्तनलिका बांधलेल्या उंदरांना पाण्यातून दिलं, तर या पेशींची फाजील वाढ आटोक्यात येते. माणसांत, फॅटी लिव्हरमुळे दाह झालेल्यांना पोलंडमध्ये रोज 10 मिग्रॅ 12 आठवडे दिलं, तेव्हा यकृताची इजा दाखवणारे रक्तातले एन्झाइम उतरले. मोठी चाचणी करायला अजून काय हवं?

मात्रामापक:
उंदरांचं गणित आधी तपासा. उंदराला 10 मिग्रॅ प्रतिकिलो दिलं असेल, तर शरीराच्या आकारातल्या फरकासाठी 6.2 ने (हा आकडा मोठ्या उंदराचा, म्हणजे रॅटचा) भागून माणसाला प्रतिकिलो 1.6 मिग्रॅ येतात. 60 किलोच्या माणसाला जवळजवळ 97 मिग्रॅ! बाजारातल्या गोळ्या बहुतेक 2 ते 10 च्या. शिवाय हे औषध मोडतं यकृतच, सीवायपी1ए2 एन्झाइमने. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत घट्ट होऊन निकामी होत जातं तेव्हा, ते मोडणं मंदावतं आणि दिवसाही रक्तातली पातळी चढलेली राहते. 2 मिग्रॅच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळीच्या माहितीपत्रकात यकृत बिघडलेल्यांना ती देऊ नये असं म्हटलंय, ते उगाच नाही. जोडीला फ्लुवोक्सामीन हे नैराश्यावरचं औषध असेल तर पातळी अनेक पटींनी वाढते.

निशाचर:
पण तोंडावाटे घेतलेल्या मात्रेतला जेमतेम 15 टक्के भाग यकृत ओलांडून पुढे जातो. म्हणजे सगळ्यात जास्त औषध यकृतालाच मिळतं, आणि आपल्याला तेच हवंय ना? सिरॉसिसच्या चाइल्ड-प्यू ए आणि बी (सौम्य आणि मध्यम तीव्रतेच्या) रुग्णांना 3 मिग्रॅ दोन आठवडे देऊन झोप सुधारल्याची चाचणीही झाली आहे.

पित्तपारखी:
झोप सुधारली, यकृत नाही. एएलटी हे यकृताचं एन्झाइम उतरलं म्हणजे तंतुमयता (यकृतात साठलेले व्रणाचे तंतू) कमी झाली असं होत नाही. त्यासाठी बायोप्सी, निदान इलास्टोग्राफी (यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी) तरी हवी. पित्तनलिकेचं कोडं तर आणखी अवघड आहे: मेलाटोनिनचा संदेश घेणाऱ्या पहिल्या रिसेप्टरचं जनुकच काढून टाकलेल्या उंदरांतही पित्तनलिकांची इजा कमी होते. मग औषध नेमकं कोणत्या वाटेने काम करतं? पीबीसीत (लहान पित्तनलिका नष्ट करणारा ऑटोइम्यून आजार) अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल रोज 13 ते 15 मिग्रॅ प्रतिकिलो हा उपचाराचा पाया आहे. ते थांबवून असले प्रयोग नकोत. मेलाटोनिन प्रतिकारशक्तीला चेतवतं, त्यामुळे ऑटोइम्यून हेपटायटिसमध्ये, जिथे प्रतिकारशक्तीच यकृतावर हल्ला करते, तर विशेष जपून.

मात्रामापक:
त्यात पूरक गोळ्यांचा भरवसा नाही. कॅनडात 31 उत्पादनं तपासली (2017), तर लेबलपेक्षा 83 टक्के कमीपासून 478 टक्के जास्त मेलाटोनिन सापडलं. आठांत तर सेरोटोनिन हे दुसरंच रसायनही होतं.

निशाचर:
हा दोष कारखान्यांचा, रेणूचा नव्हे. प्रमाणित गोळी वापरून, तंतुमयता हाच निकष ठेवून चाचणी घ्या, मग नाही म्हणा.