मदत हवी आहे: गुहागरकडे घर आणि होमस्टेसाठी फाइव्ह-जीवरचं ब्रॉडबँड घ्यावं का?

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमचं घर आणि लागूनच छोटा होमस्टे आहे. पावसाळ्यात झाडं पडून फायबरची केबल सारखी तुटते, जोडायला माणूस लवकर येत नाही. म्हणून छपरावर रिसीव्हर बसवून मोबाइल टॉवरवरूनच नेट घ्यावं म्हणतोय.

टॉवर वर सड्यावर, आम्ही खाली वाडीत, मध्ये माडांची दाट रांग. फाइव्ह-जीचा ३५०० मेगाहर्ट्झ वारंवारतेचा सिग्नल पानांतून बराच क्षीण होतो. ७०० मेगाहर्ट्झचा लांब पोचतो, पण वेग कमी. रिसीव्हर उंच पाइपवर चढवला तर विजेची भीती. अर्थिंग कसं केलंत? खाऱ्या वाऱ्यात कनेक्टर टिकतात का?

सीसीटीव्ही रत्नागिरीतून बघायचा असतो. अशा जोडणीत बहुतेक वेळा स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा नेटवरचा आपला पत्ता) मिळत नाही, मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून घरच्या कॅमेऱ्याकडे वळवणं) चालत नाही. तुम्ही काय वापरता?

सगळ्यात मोठी काळजी विजेची. लाइट गेल्यावर तुमच्याकडे टॉवर किती वेळ तग धरतो? घरी इन्व्हर्टर आहे, पण टॉवरच झोपला तर उपयोग काय? मुलीचे ऑनलाइन क्लास असतात, पाहुण्यांचं बुकिंगही नेटवरच येतं.

जून-जुलैत वापरलेल्यांनी कृपया सांगा. मे महिन्यातल्या स्पीड टेस्टवरून आमच्याकडचं काही कळत नाही.