व्हॉल्टेअर जे बोललाच नाही, ते त्याच्याच नावावर राहू द्यायचं का?

शाईदौत
भाचा परवा वक्तृत्व स्पर्धेहून तोंड पाडून आला. विषय होता विचारस्वातंत्र्य. भाषणाचा शेवट त्याने सगळ्यांना पाठ असलेल्या वाक्याने केला होता: 'तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते म्हणण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी मरेपर्यंत लढेन.' आदल्या रात्री मीच त्याला सांगितलं होतं की हे व्हॉल्टेअर या फ्रेंच विचारवंताचं नाही, एव्हलिन बीट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेचं आहे. त्याने स्टेजवर हॉलबाईंचं नाव घेतलं. परीक्षकांनी 'कर्ता चुकला' असा शेरा मारून गुण कापले.

खरी हकिगत अशी. व्हॉल्टेअर गेला १७७८ साली. हॉलबाईंचं पुस्तक आलं १९०६ मध्ये, तेही एस. जी. टॅलेंटायर या टोपणनावाने. हेल्वेशियस नावाच्या त्याच्या समकालीनाचं पुस्तक जाळलं गेलं, तेव्हा व्हॉल्टेअरची भूमिका काय होती हे सांगताना बाईंनी हे वाक्य स्वतः रचलं. फक्त ते अवतरण चिन्हांत टाकलं, आणि तिथेच घोटाळा झाला. १९३९ साली त्यांनी खुलासाही केला की हे व्हॉल्टेअरचे शब्द म्हणून द्यायचा आपला हेतू नव्हता. तरी आजही पोस्टरवर फोटो व्हॉल्टेअरचा.

इतकं देखणं वाक्य रचणाऱ्या बाईचं नाव कुणालाच माहीत नाही याचा मला मनापासून राग येतो. तुम्हाला काय वाटतं?

पायवाट
मला राग येत नाही, उलट हॉलबाईंचं कौतुक वाटतं. व्हॉल्टेअरला आयुष्यभर जे म्हणायचं होतं ते त्यांनी एका ओळीत आणून दिलं. हे वाक्य त्यांच्या टोपणनावावर फिरलं असतं तर दहा वर्षंही टिकलं नसतं.

गॅलिलिओचं घ्या. १६३३ च्या खटल्यात पृथ्वी फिरत नाही असं कबूल करून उठताना तो पुटपुटला म्हणे, 'तरीही ती फिरतेच.' हे छापील स्वरूपात ठळकपणे दिसतं ते १७५७ साली, शंभराहून जास्त वर्षांनी. चौकशी करणाऱ्यांच्या तोंडावर तो असं बोलला असता तर सुटला नसता, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या माणसाच्या मनात दुसरं काय असणार होतं? चरित्राची पानंच्या पानं वाचून कळत नाही ते या तीन शब्दांत कळतं. हे मी तरी खोटं मानायला तयार नाही.

मूळप्रत
पायवाट, गोड वाक्याच्या बाबतीत हे ठीक आहे. कडू वाक्य एखाद्याच्या गळ्यात पडलं तर? 'भाकरी नसेल तर केक खा म्हणावं.' फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतचं नाव काढलं की लोकांना एवढंच आठवतं. ही गोष्ट तत्त्वज्ञ रूसोच्या आत्मचरित्रात आहे. तिथे फक्त 'एक थोर राजकन्या' आहे, नाव नाही. केकही नाही, ब्रिओश म्हणजे लोणी-अंडी घातलेला पाव आहे. रूसोने तो भाग लिहिला १७६०च्या दशकात. मारीचा जन्म १७५५ चा, आणि ती फ्रान्समध्ये आली १७७० साली. म्हणजे लिहिलं गेलं तेव्हा ती ऑस्ट्रियात खेळण्याच्या वयाची मुलगी होती.

तिच्या उधळपट्टीचे खरे पुरावे आहेत, त्यावरून तिला जरूर बोल लावा. पण दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य तिच्या माथी मारून दोनशे वर्षं तिला निर्दय ठरवायचं, हा अन्याय आहे. मेलेलं माणूस खुलासा करायला येत नाही, म्हणून ही जबाबदारी आपली.

गोधडी
मी पायवाट यांच्या बाजूने. वाक्य लोकांच्या तोंडी पडलं की झिजून गुळगुळीत होतं, नदीतल्या गोट्यासारखं. १३ मे १९४० ला चर्चिल म्हणाले होते की माझ्याकडे द्यायला रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम याखेरीज काही नाही. लोकांनी लक्षात ठेवलं रक्त, घाम आणि अश्रू. चारातले कष्ट गळाले, क्रमही बदलला, आणि वाक्याला ठेका आला.

अपोलो १३ या चांद्रमोहिमेचंही तेच. १९७० साली यानातून ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राला आलेले शब्द होते, 'ह्यूस्टन, आमच्याकडे अडचण आली होती.' भूतकाळ! अंतराळवीरांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, धमाका होऊन गेला होता आणि ते घडलेली गोष्ट कळवत होते. पण ऐकणाऱ्याला संकट समोर उभं हवं असतं, म्हणून पुढे 'अडचण आहे' झालं आणि १९९५ च्या चित्रपटाने त्यावर शिक्का मारला. मला तर नवल वाटतं की एका काळाच्या फरकाने अंगावर काटा येतो.

आणि 'नाचता येईना अंगण वाकडं' पहिल्यांदा कोण म्हणालं? कुणी विचारतं का? मग तिथे नसलेला कर्त्याचा आग्रह इथे कशाला?

शाईदौत
गोधडी, म्हण कुणाचंच नाव लावून फिरत नाही, म्हणून ती कुणाला लुबाडतही नाही. नाव नसणं आणि भलतंच नाव असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्टीफन स्टिगलर या संख्याशास्त्रज्ञाने १९८० साली एक नियम मांडला: कुठल्याही वैज्ञानिक शोधाला मूळ शोधकाचं नाव मिळत नाही. नियमाला नाव दिलं 'स्टिगलरचा नियम', आणि त्याच लेखात सांगून टाकलं की ही कल्पना आधी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांची आहे. वाचताना मी खळखळून हसले होते. पण बघा, श्रेय कुणाचं हे त्यांनी तिथल्या तिथे लिहून ठेवलं. हॉलबाईंच्या बाबतीत मला इतकंच हवं आहे.

पोथीवाचक
उशिरा येतोय. आपल्या भाषेत हा वाद एकनाथांनी कधीच हाताळून ठेवला आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी त्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी लिहिलं:

'ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मराठी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥'

नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. अमृताच्या ताटात करवंटी ठेवू नका, एवढंच मागणं. आणि हे कोण सांगतंय? ज्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावर हजारो ओव्या लिहिल्या ते. त्यांनी चार ओव्या मध्ये मिसळल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं! तरी मिसळल्या नाहीत. 'भाव तोच आहे ना' ही पळवाट त्यांना सगळ्यांत सहज उपलब्ध होती. मी हे वाचतो तेव्हा दर वेळी हात जोडले जातात.

पायवाट
पोथीवाचक, नाथांपुढे मी काय बोलणार! पण दुसरी बाजूही परंपरेतलीच. मीरेच्या नाममुद्रेची कितीतरी पदं नंतरच्या गाणाऱ्यांनी रचली आहेत. त्यांना मीरेला लुबाडायचं नव्हतं, उलट त्यांनी स्वतःचं नाव पुसून टाकलं. भजनाला बसल्यावर 'हे पद अस्सल की नक्कल' असं विचारणारा मला तरी परका वाटेल.

मूळप्रत
भजनात नाही विचारणार. पण जिथे नाव वजन वाढवायला वापरलं जातं तिथे विचारणार. 'मधमाश्या नाहीशा झाल्या तर माणूस चार वर्षं जगेल', हे आइन्स्टाइनचं म्हणून सांगतात. आइन्स्टाइन गेले १९५५ मध्ये, त्यांच्या लिखाणात हे कुठेही नाही. १९९४ साली ब्रसेल्सला मधमाशीपालकांनी निदर्शनं केली, त्यांच्या पत्रकामुळे ते जगभर गेलं. मधमाशीपालकांची काळजी खरी होती. परागीभवनाचा प्रश्न आजही खरा आहे. पण एकदा कुणी दाखवून दिलं की हे आइन्स्टाइनचं नाही, की ऐकणारा मधमाश्यांचा मुद्दाही त्याच झटक्यात उडवून लावतो. उसन्या नावाने शेवटी नुकसान होतं ते त्या खऱ्या म्हणण्याचं.

कर्ता माहीत नसेल तर काय करायचं याची सोय जुन्या सुभाषितसंग्रहांत आहे. तिथे श्लोकाखाली कवीचं नाव देतात, आणि ठाऊक नसेल तर 'कस्यापि' लिहितात. कस्यापि, म्हणजे 'कुणाचंतरी'. किती सभ्य शब्द आहे हा!

गोधडी
शब्द खरोखर सुंदर आहे. पण वाढदिवसाच्या कार्डावर 'कुणाचंतरी' लिहिलं तर लोक आतलं वाक्य वाचणारच नाहीत. माणूस नाव बघून थांबतो, मग वाचतो. हे मला बदलता येईल असं वाटत नाही, आणि त्यापायी चांगली वाक्यं मरावीत असंही वाटत नाही.

पायवाट
शाईदौत, गुण कापायला नको होते हे मात्र मला पूर्ण पटतं. भाच्याला सांगा, पुढच्या वेळी दोघांना घेऊन ये: 'व्हॉल्टेअरची भूमिका सांगताना एव्हलिन हॉल लिहितात...' बाईंचा मान राहील आणि समोरच्यालाही ओळखीचं नाव ऐकू येईल.

शाईदौत
पायवाट, हे त्याला वाचून दाखवलं. त्याला आवडलं. शिवाय हॉलबाईंच्या पुस्तकात त्या वाक्याच्या जरा आधी, पुस्तक जाळल्याचं कळल्यावर व्हॉल्टेअर 'एका ऑम्लेटसाठी केवढा हा गोंधळ!' असं उद्गारल्याचं लिहिलं आहे, तेही त्याला घ्यायचंय. वेळ पाच मिनिटांचीच, म्हणून भाषणाच्या सुरुवातीचं गांधीजींचं वाक्य काढायला घेतलं, 'जगात जो बदल हवा तो स्वतः व्हा.' काढण्याआधी सवयीने मूळ शोधलं. १९१३ च्या 'इंडियन ओपिनियन'मध्ये ते लिहितात की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील. आता तो म्हणतोय, मावशी, हे जास्त छान आहे, हे राहू दे. काल रात्रीपासून आम्ही दोघं घड्याळ लावून बसलोय, आणि भाषण अजून पावणेसहा मिनिटांचं भरतंय.