मदत हवी आहे: मामाने बनवलेलं हळदीचं मशीन, सरकारी मदतीची सुरुवात कुठून करू?

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगतो.

माझा मामा वसमतजवळच्या गावात (जि. हिंगोली) वेल्डिंगचं दुकान चालवतो, शिक्षण नववी, दीड एकरात हळद. हळद काढल्यावर गड्ड्यापासून (मधला जाड कंद) हळकुंडं मोडायचं काम सगळं बायकांच्या हातानं, दिवसभर उन्हात बसून. मामीचं मनगट धरायला लागलं तेव्हा मामाने भंगारातून थ्रेशरचा ड्रम आणला, आत लोखंडी दात लावले तर सालच सोलून निघायला लागली आणि निम्मी हळकुंडं तुटली, मग दात काढून जुन्या टायरच्या पट्ट्या बोल्ट केल्या, मग स्पीड जास्त होतोय म्हणून पुली बदलली, असं करत करत तिसऱ्या सीझनला जमलं. आता हळकुंडं जाळीतून खाली, गड्डे पुढून बाहेर. एक एचपीची मोटर, बस.

गावातल्या चौघांनी बनवून मागितलंय पण अँगल-पत्रा घ्यायला मामाकडे पैसे नाहीत. मी पुण्यात नोकरीला म्हणून सगळे म्हणतात भाच्याला विचारा, आणि भाच्याला घंटा काही माहीत नाही.

एका सरकारी ऑफिसात लोनसाठी गेलो तर म्हणाले मशीनचं कोटेशन आणा. अहो मशीन मामाच बनवतो, कोटेशन कुणाचं आणू? स्टार्टअपच्या पोर्टलवर कंपनी नाहीतर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) नाहीतर रजिस्टर्ड भागीदारी लागते, एकट्याच्या नावावरचं दुकान चालत नाही. महाडीबीटीवर (राज्य सरकारचं योजनांचं पोर्टल) शेतकऱ्याला अवजारावर सबसिडी आहे पण अवजाराचा टेस्ट रिपोर्ट हवा. म्हणजे योजना ढीगभर आहेत पण सगळ्यांना आधीच सेट झालेला माणूस हवाय.

त्यात गेल्या महिन्यात एक जण येऊन टेपने मापं घेऊन गेला. मामाने त्याला चहा पाजून पाठवला 🤦

तर पेटंट आधी, लोन आधी की टेस्टिंग? आणि यूट्यूबवर व्हिडिओ टाकून ठेवू का, म्हणजे पुरावा तरी राहील?

हळद्या
व्हिडिओ अजिबात टाकू नकोस!! अर्जाच्या आधी तूच जगाला दाखवलंस तर नावीन्य संपलं म्हणून पेटंट अडकतं. चाचणीपुरतं शेतात लोकांसमोर चालवायला कायद्यात एक वर्षाची सवलत आहे, पण यूट्यूब म्हणजे चाचणी नाही. आधी प्रोव्हिजनल (म्हणजे तात्पुरता, प्राथमिक) अर्ज टाक, ऑनलाईन फी साध्या माणसाला १६०० रुपये, मग पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. आपल्याला मुंबईचं पेटंट ऑफिस लागतं. मात्र अर्ज इंग्रजी नाहीतर हिंदीतच, मराठी चालत नाही (यावर एक वेगळा धागा काढावा लागेल).

त्याहून सोपं म्हणजे गांधीनगरचं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन, २००० साली सुरू झालंय, केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान खात्याचं. खास बिनडिग्रीच्या, स्वतःच्या डोक्याने काही बनवणाऱ्या लोकांसाठी आहे. तिथे मराठीत हाताने लिहून पाठवलं तरी घेतात, निवड झाली तर पेटंटचा अर्जही तेच करतात. तू इंजिनियर असशील तर मधे घुसू नकोस, नाव मामांचंच टाक.

चिमणराव_नागभीड
पेटंटच्या नादाला लागण्याआधी आमच्याकडचे दादाजी खोब्रागडे आठवा. नांदेड गाव (तुमच्या शेजारचा जिल्हा नव्हे, चंद्रपूरचं), जेमतेम तिसरी शिकलेला माणूस, त्यांनी निवडून काढलेलं एचएमटी तांदूळ आज कुठल्या दुकानात मिळत नाही सांगा. २००५ ला वर सांगितलेल्या संस्थेचाच पुरस्कार मिळाला, २०१८ ला गेले तेव्हाही परिस्थिती हलाखीचीच. नाव झालं, पैसा बियाणं विकणाऱ्यांनी केला. पेटंट असलं तरी शेजारच्या तालुक्यातला फॅब्रिकेटर कॉपी मारणारच, कोर्टात कोण जाणार?

सरकारला खरंच मदत करायची असेल ना तर पुरस्कार राहू द्या, पहिली दहा मशीनं विकत घ्या आणि टेस्टिंग जिल्ह्यात करून द्या. मामांनी ड्रम टेम्पोत घालून किती हिंडायचं?

कागदपत्रवाली_ताई
कोटेशनचा घोळ मला कळला. बँकेला हळदीच्या मशीनचं कोटेशन नकोय रे, ते मशीन *बनवायला* जे लागतं त्याचं हवंय: वेल्डिंग सेट, कटर, ड्रिल, पत्रा वाकवायचं मशीन. धंदा 'शेती अवजार निर्मिती' लिहा. आधी उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) करा, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. मग पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मितीवालं. ग्रामीण भागात जनरलला २५ टक्के सबसिडी, महिलांना ३५. मामी खरंच धंद्यात असतील तर त्यांच्या नावाने टाका की. पण लोन मंजूर व्हायच्या आधी सामान घेऊ नका. आणि ही स्कीम नव्या युनिटलाच आहे, त्यामुळे चालू दुकानाचं काय ते आधी विचारून घ्या. चारच मशीनं करायची असतील तर मुद्रा कर्जाचा छोटा प्रकार 'शिशु', ५० हजारांपर्यंत, तारण लागत नाही.

मुळशीकर
शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबागांनी १९८३ ला काढलेलं, फॅब लॅब (डिझाइन करून वस्तू बनवायची कार्यशाळा) पण आहे. तू पुण्यातच आहेस, रविवारी फोटो घेऊन जाण्याआधी फोन मात्र कर. ड्रॉइंग नीट करून घे, मापं डोक्यात ठेवून टेस्टिंग होत नाही.

आणि एक विचारू? मोडणीच्या मजुरीवर जगणाऱ्या बायकांचं काय?

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार, कोटेशनचं वाचून मी ऑफिसात डोकं आपटलं. व्हिडिओ टाकत नाही.

@मुळशीकर, हे मामीनेच आधी विचारलं होतं. ती म्हणते मशीन बचत गटाच्या नावाने ठेवा, गटातल्याच बायका चालवतील, क्विंटलमागे भाडं गटाला. मामाला हे पटलेलं नाही, त्याला विकायचीच आहेत. बघू. गटाने मशीन घेऊन भाड्याने फिरवायला अवजार बँकेत (अवजारं भाड्याने देणाऱ्या केंद्राच्या योजनेत) बसतं का, कुणाला अनुभव आहे? आणि प्रोव्हिजनलचं हिंदीत कुणी तपासून देईल का, माझं हिंदी पुणेरी रिक्षावाल्यांशी बोलण्यापुरतंच आहे.