इंग्रजी गोष्टीत नुसतं शी, शी, शी!

नातवंडांना मराठी वाचता येत नाही, म्हणून माझ्या आईच्या आठवणी इंग्रजीत लिहायला घेतल्यात. दीडशे शब्दांत अकरा वेळा 'शी'! मराठीत 'उठली, चूल पेटवली, चहा टाकला' एवढ्यात भागतं. मग मधूनमधून 'द ओल्ड लेडी', 'द ग्रँडमदर' घातलं, तर सूनबाई विचारते, "आई, घरात नक्की बायका किती?"

उत्तर : सूनबाईंचं बरोबर आहे. 'शी', 'सेड' इंग्रजी वाचकाला फारसे खुपत नाहीत. तोच शब्द टाळायला अशा ओढूनताणून केलेल्या बदलाला, इंग्रजी कसं लिहावं यावर पुस्तक लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी १९०६ सालीच 'एलिगंट व्हेरिएशन' (नटवा बदल) म्हणून झोडपलंय. कर्ता एकदाच ठेवून क्रियापदं जोडा: 'शी लिट द फायर अँड मेड टी.' नाहीतर वाक्य चुलीपासूनच सुरू करा: 'द फायर स्मोक्ड.'

उत्तर : काकू, थिसॉरसपासून (समानार्थी शब्दांच्या कोशापासून) लांब राहा. मी 'वॉक'च्या जागी 'पेरॅम्ब्युलेट' (फेरफटका मारण्यासाठीचा भारदस्त शब्द) घातलं होतं. आजोबा निघाले होते दूध आणायला!

काकू : 'द फायर स्मोक्ड' उचलतेय हं. अकराचे पाच झाले. पण 'व्हेरी' नऊ वेळा आहे, ते आत्ता दिसलं.