मदत हवी आहे: बटाट्याचं सूप मिक्सरला लावलं की चिकट होतं

नमस्कार मंडळी. सासऱ्यांची दाढ काढलीय, काही दिवस मऊ आणि कोमटच खायचंय. खिचडी आणि पेजेला ते कंटाळलेत. बटाट्याचं सूप मात्र मागून घेतात.

मी लोण्यावर कांदा परतते, बटाट्याच्या फोडी, पाणी, मीठ घालून कुकर लावते आणि मग मिक्सरमधून काढते. चव बरी येते, पण सूप खळीसारखं होतं, चमच्याला तार सुटते. वरून दूध घातलं की कधीकधी फाटतं. बटाटा ऐरोलीच्या मंडईतला, नवा, पातळ सालीचा. मैदा, कॉर्नफ्लोअर, क्रीम नकोय. लीकऐवजी (कांद्याच्या जातीची ती जाड पातीची विलायती भाजी) पातीचा कांदा चालेल का?

घणसोलीकर:
मिक्सर बाजूला ठेवा, पुरणयंत्र काढा. शिजलेल्या बटाट्यातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगलेले असतात. पातं जोरात फिरलं की ते फुटतात आणि आतला स्टार्च बाहेर येऊन सगळं चिकट करतो. पुरणयंत्रात बटाटा नुसता दाबला जातो. गरम असतानाच काढा आणि शिजवलेलं पाणी थोडं थोडं घालत ढवळा.
आणि सूपला नवा बटाटा नको, तो रश्श्याला. जुना, पिठूळ घ्या. भाजीवाल्याला "वड्यांना हवाय" एवढं सांगितलं की तो बरोबर काढून देतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने स्टार्चची साखर होते आणि सूप गोडसर लागतं.

पाचपाखाडीची सुगरण:
पातीच्या कांद्याचा पांढरा भाग घ्या, छान लागतो. हिरवी पात एरवी मी वरून भुरभुरवते, पण दाढेच्या जखमेत तुकडा अडकायला नको. मिरपूडही तशीच. शिजताना अख्खे दाणे आणि तमालपत्र टाका, नंतर काढून टाका.
दूध कोमट करून, गॅस बंद केल्यावर घाला आणि पुन्हा उकळू नका. तीन मध्यम बटाट्यांना तीन वाट्या पाणी, अर्धी वाटी दूध. हो, स्ट्रॉ देऊ नका. ओढताना जखमेवरची गुठळी निघू शकते.

तिखटमीठ:
मी वर्षानुवर्षं मिक्सरच वापरतो बुवा. पाणी भरपूर आणि बटण क्षणभरच. पण पुरणयंत्राइतकं मऊसूत होत नाही, हे खरं.

धागाकर्ती:
पुरणयंत्र होळीनंतर माळ्यावर गेलंय! काढते. कुकरऐवजी पातेल्यात शिजवलं तर?

घणसोलीकर:
उलट बरंच. फोडी बारीक करा, झाकण ठेवून मंद आचेवर वीसेक मिनिटं. सुरी सहज आरपार गेली की झालं. माळा चढायचा नसेल तर पावभाजीचा मॅशर आणि पिठाची चाळणी, तेवढ्यावरही भागतं.